नेब्बिओलोच्या गावात: लांगेतल्या घरच्या वायनरीला जाताना

इटलीच्या प्रवासात लाल वाइनसाठी दोन-तीन दिवस बाजूला काढता येत असतील, तर ते लांगेत घालवावेत असा माझा आग्रह आहे. लांगे म्हणजे वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, आल्बा या गावाभोवती पसरलेल्या टेकड्या. तुरीनहून आल्बाला रेल्वेने तास-सव्वा तासात पोहोचता येतं. बारोलो आणि बार्बारेस्को या इटलीतल्या सर्वांत मानाच्या लाल वाइनपैकी दोन इथल्या, आणि दोन्ही एकाच द्राक्षाच्या. त्या द्राक्षाचं नाव नेब्बिओलो. इथल्या द्राक्षबागांच्या टेकड्यांना, शेजारच्या रोएरो आणि मोनफेर्रातोसह, २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

बहुतेक प्रवासी लाल वाइनसाठी तोस्कानाला जातात. तोस्काना सुंदर आहे, यात वाद नाही. पण तिथल्या सांजोवेझे द्राक्षाची ओळख आपल्याला घराजवळही होऊ शकते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला ‘फ्रातेल्ली’ वायनरीच्या बागांमध्ये ते लावलेलं आहे, आणि तोस्कानाचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली तिथे त्याची वाइन तयार झाली. नेब्बिओलो मात्र आपली माती सहसा सोडत नाही. जगात इतरत्र त्याची लागवड फार थोडी आहे, आणि जिथे आहे तिथे लांगेतला सुवास क्वचितच येतो. ते चाखायचं तर तिथेच जायला हवं.

लांगेतल्या पुष्कळ वायनऱ्या आजही एकेका कुटुंबाच्या आहेत. पाच-सात हेक्टर बाग, म्हणजे बारा ते सतरा एकर. तळघरात पिंपं, वरच्या मजल्यावर राहतं घर. फाटकावर आडनाव आणि बेल. तुमच्यासमोर बसून वाइन ओतणारी व्यक्ती सकाळी बागेत फवारणी करून आलेली असते, नाहीतर तिची आई किंवा सून असते. हे ध्यानात ठेवलं की तिथे कसं वागायचं ते निराळं सांगावं लागत नाही. कामाच्या घरी पाहुणे म्हणून जायचं आहे.

म्हणून पहिली गोष्ट, न कळवता जाऊ नये. तीन-चार आठवडे आधी ईमेल करावी. मजकूर चार ओळींचा पुरे: किती जण, कोणता दिवस, सकाळी की दुपारी, इंग्रजी चालेल का. कुणी शाकाहारी असेल, कुणी वाइन पीत नसेल, बरोबर लहान मुलं असतील तर तेही आधीच लिहावं. चाखण्याचे पैसे किती ते सरळ विचारावं. त्यात कुणाला गैर वाटत नाही. काही घरं माणशी ठरावीक रक्कम घेतात, काही जण बाटल्या घेतल्या तर ती वळती करतात. उत्तर आलं नाही तर आठवड्याने पुन्हा एकदा लिहावं, कारण या घरांत ईमेल पाहणारा माणूस आणि बाग पाहणारा माणूस बहुधा एकच असतो. आणि दिलेली वेळ पाळावी. तुमच्यासाठी कुणीतरी शेतातलं काम अर्धवट टाकून हात धुऊन येऊन बसलेलं असतं. उशीर होणार असेल तर फोन करावा. बेत रद्द झाला तर तेही कळवावं. न सांगता गैरहजर राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा त्रास इथल्या अनेक कुटुंबांनी सोसला आहे, आणि त्याची किंमत पुढच्या पाहुण्यांना मोजावी लागते.

जायचं केव्हा? माझी पसंती मे-जूनला. वेलींना नवी पालवी असते, हवा छान असते आणि घरच्यांकडे बोलायला वेळ असतो. तोडणीचा हंगाम पाहायचा मोह सगळ्यांनाच होतो. सप्टेंबरमध्ये आधी दोल्चेत्तो, मग बार्बेरा ही इथली दुसरी द्राक्षं आणि सगळ्यांत शेवटी, बरेचदा ऑक्टोबर उजाडल्यावर, नेब्बिओलो उतरवतात. दृश्य देखणं असतं यात शंका नाही, पण त्या दिवसांत घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. अनेक घरं पाहुणे घेतच नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आल्बात पांढऱ्या ट्रफलची जत्रा भरते. तेव्हा शनिवार-रविवारी राहायला खोली मिळणं मुश्कील आणि भाडीही चढलेली. तेव्हा जायचंच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं. ऑगस्टच्या मध्याला अर्धी इटली सुट्टीवर असते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बरीच घरं बंद असतात. रविवारीही पुष्कळ कुटुंबं फाटक उघडत नाहीत. दुपारी साडेबारा ते अडीच ही जेवणाची वेळ. त्या वेळात बेल वाजवू नये.

एका दिवसात दोन घरं, त्याहून जास्त नको. एक सकाळी दहा-साडेदहाला, दुसरं दुपारी तीन-साडेतीनला. चार-पाच ठिकाणं उरकण्याचा बेत कागदावर छान दिसतो, पण तिसऱ्या घरी पोहोचेपर्यंत जीभ थकलेली असते आणि चौथ्या घराची आठवणही राहत नाही. ती दोन घरं कोणती, हे मात्र विचार करून ठरवावं, कारण सगळी मजा तुलनेत आहे.

बारोलो ही वाइन अकरा गावांच्या शिवारात होते. बारोलो, कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि सेर्रालुंगा ही तीन गावं पूर्ण, बाकीच्या आठ गावांचा काही भाग. पश्चिमेकडे ला मोर्रा आणि बारोलोच्या बाजूला निळसर-करडी चिकण चुनखडीची माती आहे. तिथली वाइन तुलनेने मऊ आणि सुवासिक होते. पूर्वेकडे सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेच्या बाजूला जमीन जुनी आणि अधिक कणखर. तिथली वाइन ताठ, सावकाश खुलणारी. एका दिवशी एक घर ला मोर्रात आणि दुसरं सेर्रालुंगात ठरवा. शक्य झालं तर दोन्हीकडे एकाच सालाची बारोलो चाखायला मागा. द्राक्ष एक, साल एक, मधे अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटरचं, आणि तरी दोन वाइन वेगळ्या लागतात. एरवी पुस्तकात वाचून न पटणारी गोष्ट तिथे जिभेवर पटते.

बार्बारेस्कोसाठी वेगळा दिवस ठेवावा. बार्बारेस्को, नेइवे आणि त्रेइझो ही तिथली मुख्य गावं. बारोलोपेक्षा प्रदेश लहान, गर्दी कमी, आणि वाइन थोडी लवकर पिण्याजोगी होते. इथे एक जागा कुटुंबाची नसूनही मी सुचवेन: बार्बारेस्को गावातली ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही सहकारी वायनरी. १८९४ मध्ये आल्बातल्या वाइन शिकवणाऱ्या शाळेचे प्रमुख दोमित्सिओ कावात्सा यांनी गावच्या शेतकऱ्यांना एकत्र करून इथे पहिली सहकारी वायनरी काढली. फॅसिस्ट राजवटीच्या काळात ती बंद पडली. पुढे १९५८ मध्ये गावचे पाद्री दोन फिओरीनो मारेंगो यांनी एकोणीस लहान शेतकऱ्यांना पुन्हा एकत्र आणलं. सुरुवातीची वाइन चर्चच्या तळघरात झाली. आज पन्नासेक कुटुंबं तिची सभासद आहेत आणि चांगल्या सालांत एकेका शिवाराची वाइन ती वेगवेगळी भरते. महाराष्ट्रात साखर आणि दुधाचा सहकार पाहिलेल्या माणसाने इथे अर्धा तास तरी थांबावं. सभासदाचं द्राक्ष नुसतं वजनावर घ्यायचं की प्रतीवर, हा प्रश्न यांनी कसा सोडवला ते विचारावं.

प्रवासाबद्दल थोडक्यात. आल्बाहून ही गावं दहा-पंधरा किलोमीटरवर आहेत, पण बस मोजक्याच. भाड्याची गाडी घेतली तर भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. इटलीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल चालत नाही. एकवीस वर्षांखालच्या आणि परवाना मिळून तीन वर्षं न झालेल्या चालकाला तर शून्य. जरा हिशेब करा. एका घरी पाच वाइन, प्रत्येकी चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोनशे मिलिलिटर, पाव बाटलीहून जास्त. दोन घरं म्हणजे अर्ध्या बाटलीच्या वर, आणि बारोलोत अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या आसपास असतं. तेव्हा एकतर दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवावी, किंवा बरोबरच्यांपैकी एकाने अजिबात पिऊ नये. तिसरा मार्ग पायी जाण्याचा. ला मोर्राहून बारोलोकडे बागांमधून उतरणाऱ्या पाऊलवाटा आहेत. त्या बाजूला ब्रुनाते शिवारात १९९९ मध्ये सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या कलाकारांनी रंगवलेलं लहानसं प्रार्थनाघर लागतं, लाल-निळ्या-पिवळ्या भिंतींचं. उतरताना सोपं, परत चढायला टॅक्सी बोलवावी.

निघण्यापूर्वी दोन-तीन साध्या गोष्टी. अत्तर, सेंट, सुगंधी क्रीम त्या दिवशी लावू नये, केसांत गजराही नको. नेब्बिओलोचा वास नाजूक असतो आणि बंद खोलीत तुमचं अत्तर तुमच्याबरोबर शेजाऱ्याचाही ग्लास बिघडवतं. नाश्ता करून जावं, पण मिरची-लसणाचा नको. तळघरात बारा-पंधरा अंश तापमान असतं, तेव्हा उन्हाळ्यातही शाल किंवा स्वेटर बरोबर असू द्यावा. बूट मात्र चिखल लागला तरी चालतील असे.

बहुतेक घरी भेट बागेपासून सुरू होते. घाई करून आत शिरू नका. वाइन जिथे ठरते ती जागा हीच. उतार कोणत्या दिशेला आहे ते पाहा. दक्षिणेकडे तोंड केलेल्या, हिवाळ्यात जिथलं बर्फ आधी वितळतं त्या उतारावर नेब्बिओलो लावतात, कारण या द्राक्षाला पिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. त्याहून थंड जागी बार्बेरा आणि दोल्चेत्तो. तुम्ही नाशिक, सांगली किंवा सोलापूरकडचे असाल, घरी द्राक्षबाग असेल, तर ते आवर्जून सांगा; पुढच्या तासाचा रंगच बदलतो. आपल्याकडे वेल कधी झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, हे ऐकून लांगेतला शेतकरी थक्क होतो. त्याच्याकडे वेल हिवाळाभर झोपते आणि छाटणी वर्षातून एकदाच. मग तो विचारतो, दोन छाटण्यांत वेल किती वर्षं टिकते? तिथून गप्पा सुरू होतात, आणि त्या कोणत्याही ठरावीक सहलीपेक्षा मोलाच्या असतात.

आत गेल्यावर पहिली खोली आंबवण्याची. द्राक्षं चिरडून साली-बियांसकट टाकीत आंबवतात. रंग, वास, तुरटपणा हे सगळं सालीतून उतरतं. जुन्या रीतीच्या घरी रस सालींबरोबर तीस दिवस, कधी पन्नास दिवसही ठेवतात. वर तरंगणारा सालींचा थर लाकडी फळ्यांनी दाबून रसात बुडवून ठेवतात. नव्या रीतीच्या घरी हेच काम आठ-दहा दिवसांत आटोपतं. हंगामात गेलात तर आंबणाऱ्या टाकीत डोकावू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, त्याला रंग नसतो, आणि अशा टाक्यांत माणसं गुदमरून गेल्याच्या घटना वाइन करणाऱ्या अनेक देशांत घडलेल्या आहेत.

त्यानंतर पिंपांचं तळघर. इथे दोन प्रकारची पिंपं दिसतील. एक माणसाहून उंच, वीस-पन्नास हेक्टोलिटरची, म्हणजे दोन ते पाच हजार लिटरची, स्लाव्होनियाच्या ओकची. ती तीस-चाळीस वर्षंही वापरात असतात. दुसरी लहान, २२५ लिटरची फ्रेंच ‘बॅरिक’. मोठ्या पिंपात वाइनचा लाकडाशी संबंध कमी येतो. हवा हळूहळू लागते, तुरटपणा सावकाश मुरतो आणि लाकडाचा वास वाइनला चिकटत नाही. नव्या बॅरिकमध्ये वाइन लवकर मऊ होते, पण व्हॅनिला आणि भाजलेल्या लाकडाची चव उतरते. १९८० नंतरच्या काळात या पिंपांवरून लांगेत घराघरांत भांडणं झाली. ला मोर्राचे एलिओ आल्तारे यांनी १९८३ मध्ये चेनसॉ घेऊन वडिलांची जुनी पिंपं कापून टाकली, आणि वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून काढलं. दुसऱ्या बाजूला बारोलोचे बार्तोलो मास्कारेल्लो. त्यांनी बॅरिकला आणि इटलीतले राजकारणी बेर्लुस्कोनी यांना एकाच दमात नकार देणारी चिठ्ठी स्वतः रंगवून आपल्या बाटल्यांवर लावली. २००५ मध्ये ते वारले. आज त्यांची मुलगी त्याच रीतीने वाइन करते. आता बहुतेक घरं मधल्या वाटेवर आली आहेत. माझा कल उघड आहे: मोठ्या पिंपांच्या घरी जा. लाकडाची चव जगात कुठेही मिळते, नेब्बिओलोची नाही. तरीही आल्तारे आणि त्यांच्या सोबत्यांनी तळघरांतली अस्वच्छता घालवली आणि वेलीवरचे घड कमी करायला शिकवलं, त्याचा फायदा आज जुन्या रीतीच्या घरांनाही होतो आहे, हे तिथले लोक स्वतःच सांगतात.

आता चाखणं. पांढरं कापड किंवा कागद घातलेलं टेबल, ग्रिस्सीनी नावाच्या ब्रेडच्या कुरकुरीत काड्या, पाणी, आणि मधे एक रिकामं भांडं. ते भांडं थुंकण्यासाठी असतं. दुसऱ्याच्या घरी, त्याच्यासमोर, त्याने दिलेली वस्तू थुंकायची ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही. पण तिथे तो रिवाज आहे आणि त्यात अपमान नाही. उलट तुम्ही लक्ष देऊन चाखताय असं घरच्यांना वाटतं. घोट तोंडात फिरवावा, भांडं जवळ घेऊन हलकेच टाकावा. आदल्या दिवशी हॉटेलच्या बेसिनमध्ये पाण्याने सराव केला तर संकोच निम्म्याने कमी होतो. ज्या वाइनवर मन जडेल तिचा एखादा घोट गिळायला हरकत नाही.

क्रम सहसा ठरलेला असतो. आधी दोल्चेत्तो: गडद जांभळी, आंबटपणा कमी, शेवटी कडू बदामाची किंचित चव. ही इथली रोजच्या जेवणातली वाइन. मग बार्बेरा: रंग दाट, आंबटपणा खणखणीत, तुरटपणा जवळजवळ नाही. मग लांगे नेब्बिओलो, म्हणजे त्याच द्राक्षाची तरुण वाइन. आणि शेवटी बारोलो किंवा बार्बारेस्को. या दोन वाइननी या क्रमातल्या आधीच्या वाइनना झाकोळून टाकलं आहे, आणि पाहुणे बारोलोची वाट बघत दोल्चेत्तो उरकून टाकतात. तसं करू नका. एखाद्या घराचा हात खरा कसा आहे ते साध्या वाइनमध्येच कळतं, कारण तिथे नावाचा आधार नसतो.

बारोलो ओतल्यावर ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. खाली छापील मजकूर असेल तर अक्षरं वाचता येतील, इतका तिचा रंग विरळ. कडेला विटकरी झाक. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही पातळ आहे. मग वास घ्या, आधी ग्लास न हलवता, मग हलवून. गुलाब, तोही ताजा नव्हे, वाळलेला. चेरी, ज्येष्ठमध, थोडं डांबर. इथे कुणाला बरोबर उत्तर द्यायचं नाहीये. तुम्हाला गुलकंद आठवला तर गुलकंद म्हणा, ओली माती वाटली तर ओली माती. पुस्तकातली फळं पाठ करून जाण्यापेक्षा आपल्या नाकाला आठवतं ते बोललेलं बरं.

आणि मग घोट. इथेच पुष्कळ जण माघार घेतात. वासाने जी मृदू वाटली ती वाइन तोंडात गेल्यावर न पिकलेलं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आणि हिरड्या आखडवते. हा टॅनिनचा तुरटपणा. ही वाइन खराब नाही, कच्चीही नाही. नेब्बिओलोचा स्वभावच तो. टॅनिन तुमच्या लाळेतल्या प्रथिनाला धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. त्याला धरायला दुसरं प्रथिन मिळालं, चीजचा तुकडा किंवा मांस, की तोच तुरटपणा मावळतो आणि मागचं फळ वर येतं. म्हणून मत बनवण्याआधी तीन गोष्टी करा. एक घोट नुसता घ्या, एक चीजबरोबर घ्या, आणि ग्लासात थोडी वाइन ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा चाखा. ही तिसरी पायरी घाईत राहूनच जाते, आणि नेमकी तीच महत्त्वाची. हवा लागल्यावर बारोलो इतकी बदलते की ग्लास बदलला की काय असं वाटतं. थोडी वाइन ठेवून पुढे जाऊ का, असं घरच्यांना विचारलं तर त्यांना आनंदच होतो.

बारोलो इतका वेळ का मागते, ते नियमांतही दिसतं. तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून अडतीस महिने मुरल्याशिवाय ती विकता येत नाही, त्यांतले किमान अठरा महिने लाकडात. ‘रिझेर्वा’ लिहायचं तर बासष्ट महिने. बार्बारेस्कोला सव्वीस महिने, त्यांतले नऊ लाकडात. म्हणजे तुम्ही चाखताय त्या वाइनवर त्या कुटुंबाचे पैसे तीन-चार वर्षं अडकून पडलेले असतात. तोवर दोल्चेत्तो आणि बार्बेरा घर चालवतात.

प्रश्न विचारायला कचरू नका, पण ‘सगळ्यांत चांगली कोणती?’ हा प्रश्न टाळा. आईला मुलांत डावं-उजवं करायला लावण्यात अर्थ नाही. ही वाइन कोणत्या शिवाराची, रस सालींबरोबर किती दिवस होता, पिंप कोणतं, हे विचारा. सालांबद्दल विचारा: २०१४ पावसाळी गेलं, २०१७ रखरखीत, २०१६ चं कौतुक अजून थांबत नाही. पावसाळी सालात तुम्ही काय केलंत, या प्रश्नाला जे उत्तर मिळतं त्यात त्या माणसाची सगळी शेती कळते. भावात घासाघीस मात्र करू नये.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. चाखताना ठेवलेल्या थाळीत बहुधा सलामी, म्हणजे खारवलेलं मांस, असते. म्हणूनच आधी कळवायचं. अन्योलोत्ती देल प्लिन ही चिमटीने बंद केलेली पास्त्याची पुडकी दिसायला निरुपद्रवी, पण आत मांस असतं. बान्या काउदा ही भाज्यांबरोबर येणारी गरम चटणी अँकोव्ही मासळीची. बिनधास्त मागता येईल असं म्हणजे लोणी आणि सेजच्या पानांत परतलेली तायारिन, अंड्याच्या बलकाची बारीक शेवयांसारखी पास्ता. अंडं चालत असेल तरच. चीज खाताना हे माहीत असावं की इटलीतल्या पुष्कळ पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण, म्हणजे रेनेट, वापरतात. पार्मिजानोत तर नेहमीच. इथली हेझलनट मात्र कोणत्याही शंकेविना खावीत, भाजलेली, आणि ती वाइनबरोबर उत्तम लागतात. वाइन निवळायला काही घरं अंड्याचा पांढरा भाग किंवा जिलेटिन वापरतात. तुम्हाला चालत नसेल तर विचारा. अनेक लहान घरं न निवळता, न गाळता वाइन भरतात आणि तसं अभिमानाने सांगतात.

जे पीत नाहीत त्यांनी बरोबर जाऊ नये असं अजिबात नाही. वास घेण्यात अर्धी वाइन कळते. बाग, तळघर, घरच्यांच्या गप्पा हे सगळं त्यांचंही आहे.

खरेदी करताना सगळे पैसे बारोलोवर घालू नका. भारतात परतणाऱ्या माणसाला करमुक्त दोन लिटरच आणता येतात, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि एखादी अर्धी. त्यांत माझी निवड: एक बारोलो किंवा बार्बारेस्को, एक बार्बेरा. आपल्या जेवणाला बार्बेराच साथ देते. तुरटपणा नसल्यामुळे ती तिखटाशी भांडत नाही, आणि आंबटपणामुळे टोमॅटोचा रस्सा, मसाल्याचं वांगं पेलते. बारोलो मात्र तांबड्या रश्शाबरोबर उघडू नका. मिरची तिचा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही भडकवते आणि सुवास मरतो. तिच्यासाठी सौम्य मसाल्याचं, सावकाश शिजवलेलं मटण करा, नाहीतर लोण्यात परतलेले मश्रूम. युरोपात राहणाऱ्यांचं गणित वेगळं. युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात घरच्या वापरासाठी माणशी नव्वद लिटर वाइन नेण्यात सहसा कुणी हरकत घेत नाही, आणि ब्रिटनमध्ये जाणाऱ्याला अठरा लिटर करमुक्त आहे. अशांनी गाडीच नेली तर बरं.

बाटलीच्या मानेवर क्रमांक असलेली सरकारी कागदी पट्टी आहे ना, ते पाहून घ्या. बारोलो आणि बार्बारेस्को दोन्हींना १९८० पासून डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा आहे आणि ही पट्टी त्याची खूण. विमानात बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांत घट्ट गुंडाळून.

घरी आल्यावरची काळजी बरेच जण विसरतात. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बारोलो एका मोसमात उतरते. वीस वर्षं ठेवून पिण्याची गोष्ट ज्याच्याकडे थंड तळघर आहे त्याच्यासाठी. आपण बाटली फ्रिजच्या सगळ्यांत कमी थंड कप्प्यात आडवी ठेवावी आणि वर्षभराच्या आत उघडावी. त्याहून जास्त काळ फ्रिजमध्ये बूच सुकत जातं. म्हणूनच विकत घेताना सांगा की लवकर पिणार आहोत, तशी बाटली द्या. घरचे लोक अशा वेळी महागडी बाटली बाजूला सारून मऊ सालाची स्वस्त बाटली पुढे करतात, हा अनुभव अनेकांचा आहे. उघडायच्या दिवशी बाटली पाऊण तास आधी बाहेर काढा, सतरा-अठरा अंशांवर येऊ द्या. बूच काढून रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवा. जेवणानंतर उरली तर टाकू नका. बूच लावून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा. तरुण बारोलो दुसऱ्या दिवशी बहुधा जास्तच चांगली लागते.